खानापूर तालुका मुलांना कसा समजावून सांगू? नद्या, इतिहास, कारभार सगळंच हवंय

शाळेचा_खडू

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, माहेर बेळगावचं. सहावीच्या मुलांसाठी वर्गात "आमचा तालुका" असा मोठा तक्ता करायचं चाललंय. पुस्तकात राज्य आहे, देश आहे, तालुक्याचं मात्र दोन ओळीत आटपलंय आणि नेटवर खानापूर टाकलं की निम्म्या वेळेला सांगली जिल्ह्यातलं, विट्याकडचं खानापूर पुढं येतं. मुलं असले प्रश्न विचारतात की मलाच घाम फुटतो. एक म्हणाला टीचर आपला जिल्हा बेळगाव, मग मतं कारवारच्या खासदाराला का? दुसरी म्हणाली आमच्या गावची नदी गोव्याला जाते आणि मामाच्या गावची उलटीकडं, असं कसं? घरात मराठी, बोर्डावर कन्नड, जंगलातल्या पोरांच्या तोंडी कोंकणी, हेही मुलांना दिसतंच की.

तर जुना इतिहास, भूगोल आणि कारभार कसा चालतो ते कुणी थोडक्यात नको, जरा सविस्तर सांगाल का? राजकारणावर भांडू नका एवढीच विनंती (भांडणार तुम्ही, माहिताय मला).

कणकुंबी_कट्टा

टीचर, पाण्यापासून सुरुवात करा, बाकी सगळं आपोआप त्याच्या मागनं येतं. मुलीने विचारलंय तेच आपल्या तालुक्याचं खरं मर्म आहे. सह्याद्रीचा माथा आपल्याच तालुक्यातून जातो आणि तिथं दोन नद्या एकमेकींकडं पाठ करून निघतात. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, उंची साधारण ७९० मीटर, माउलीच्या देवळाच्या परिसरात. ती खानापूर गावावरून, असोग्यावरून पूर्वेला जाते, एम. के. हुबळी करत सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात शिरते, पुढं पट्टदकल, ऐहोळे आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेत. म्हणजे कणकुंबीतलं पाणी बंगालच्या उपसागरात. आणि म्हादई भीमगडच्या रानात देगावच्या बाजूला उगम पावते, गोव्यात उतरून मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्राला मिळते. दोन्ही एकाच तालुक्यातल्या. मुलांना तक्त्यावर माथ्याची एक जाड रेघ मारून दाखवा आणि दोन्हीकडं बाण काढा, पोरं विसरणार नाहीत.

आता पाऊस. ढग गोव्याकडनं येतात आणि घाटावर आपटतात त्यामुळं कणकुंबी, आमगाव, चोर्ला इकडं कर्नाटकातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागा आहेत. आषाढात आमच्याकडं पश्चिमेच्या भिंतीला गवताची झड बांधतात, नाही बांधली तर मातीची भिंत पाणी पिऊन बसते. घरात चुलीवर टांगलेले कपडे वाळत नाहीत, नुसता धूर पितात. आणि त्याच दिवशी तुम्ही इटगी, पारिश्वाडला जावा, धूळ उडत असते. एवढ्याशा तालुक्यात! पश्चिमेला जंगल, भात, नाचणा, काजू. मध्ये खानापूर, नंदगडच्या पट्ट्यात तांबडी माती, भात, ऊस, रताळी. पूर्वेला बिडीच्या पुढं काळी माती सुरू होते, तिथं ज्वारी, कापूस. आणि बोली पण साधारण ह्याच उतारानं बदलते, पश्चिमेला मराठी आणि कोंकणी, पूर्वेला कन्नड जास्त. अगदी काटेकोर रेघ नाही ओढता येत, एकाच गावात दोन्ही असतात, पण एसटीनं... सॉरी बसनं जांबोटी ते बिडी गेलात तर कान आपोआप सांगतील.

रस्तेपण पाण्यासारखेच आहेत. गोव्याला उतरायला एक वाट बेळगाव-जांबोटी-कणकुंबी-चोर्ला-केरी-साखळी, दुसरी खानापूर-लोंढा-रामनगर-अनमोड-मोले. रेल्वेपण लोंढ्याला फुटते, एक फाटा धारवाड-हुबळीकडं आणि एक कॅसलरॉकवरून वास्कोला. कॅसलरॉक आपल्या तालुक्यात नाही हां, ते जोयड्यात म्हणजे कारवार जिल्ह्यात, पण गोवा पोर्तुगीजांचा होता तोवर सरहद्द तिथंच, १९६१ पर्यंत. लोंढ्याला मोठी रेल्वे वसाहत झाली ती ह्या जंक्शनमुळं, नाहीतर त्या जंगलात कशाला कोण राहायला जातंय.

जंगलाचं विचारलं नाहीत पण सांगतो. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, साधारण १९० चौ. किमी. शिवकाळातला भीमगड किल्ला त्यातच. बारापेडेच्या गुहेत एक वटवाघूळ आहे, राउटनचं वटवाघूळ म्हणतात, किती तरी वर्षं जगात फक्त ह्याच गुहेत सापडलं होतं, नंतर मेघालय आणि कंबोडियात दिसलं. मुलांना हे सांगा, बाकी काय लक्षात राहो न राहो, वटवाघूळ राहील.

सत्तरीकार

वरच्या बंधूंनी म्हादईचं बरं लिहिलं पण कळसा-भांडुरा कुणी सांगायचा? तुमच्या कणकुंबीला कालवा खणून ठेवलाय तो मुलांना दाखवणार की नाही? आमच्या वाळपय-साखळीला पाणी येतं ते तिथूनच.

कणकुंबी_कट्टा

@सत्तरीकार येणारच होतो तिकडं, दम धरा की ओ.

टीचर, भानगड अशी. कळसा नाला कणकुंबीच्याच शिवारातला, पण वाहतो पश्चिमेला, म्हादईकडं. मलप्रभेचा उगम तिथनं हाकेच्या अंतरावर. म्हणून कर्नाटकानं ठरवलं की कळसा आणि नेरसे भागातला भांडुरा नाला (कन्नडमध्ये बंडूरी) ह्यांचं थोडं पाणी वळवून मलप्रभेत घालायचं, हुबळी-धारवाडला प्यायला. गोवा म्हणतो माथ्यावरचं पाणी काढलं तर खाली खारं पाणी आत घुसणार, जंगल सुकणार. २०१० मध्ये लवाद नेमला, १४ ऑगस्ट २०१८ ला निकाल. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), त्यातलं ८.०२ वीजनिर्मितीसाठी, कळसा-भांडुरा मिळून वळवायला फक्त ३.९. गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. २०२० मध्ये केंद्रानं गॅझेटात छापला, आणि तिन्ही राज्यं निकालाविरुद्ध सुप्रीम कोर्टात. त्यात वन्यजीव परवानगीचा घोळ वेगळाच. आमच्या भागातल्या लोकांचं म्हणणं दोन्हीकडं ऐकून घेत नाहीत, नदी आमच्या दारातली आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची पाळी पण आमच्यावरच.

सत्तरीकार

हे शेवटचं मात्र खरं. आमच्याकडं पण उगमाच्या गावात नळ शेवटी येतो.

बिडीचा_बाब्या

टीचर मी पूर्वेकडचा, घरात कन्नड शाळेत मराठी, त्यामुळं इतिहास मी सांगतो.

पहिल्यांदा हलशी. नंदगडच्या पुढं आज साधं गाव, पण हे कदंब राजघराण्याचं पलासिका नगर. बनवासीच्या कदंबांच्या वेळेला इथं ताम्रपट निघाले, जैन बसदी बांधली, आणि पुढं गोव्याच्या कदंबांनी हलशीला दुसरी राजधानी केली. १२व्या शतकातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ बघायला मुलांना नक्की घेऊन जावा, त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकीकडं वराह आणि त्याच्या तोंडासमोर नरसिंह-नारायण, मध्ये उभं राहिलं की कुठल्या देवाकडं पाठ करायची कळत नाही. शिवचित्त पेर्माडी नावाच्या कदंब राजाच्या काळातलं, ११६९ चा शिलालेख आहे. आता विचार करा, गोव्याच्या बंदरावर राज्य करणारा राजा घाट चढून हलशीला राजधानी ठेवतो म्हणजे चोर्ला, अनमोडच्या वाटेवरनं तेव्हापण माल चाललेला असणार. घाट म्हणजे भिंत नव्हे, दार आहे ते.

मधला काळ विजयनगर, आदिलशाही, मराठे असा भराभर घ्या, सहावीला पुरे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांच्या मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला. पूर्वेचा भाग कित्तूरच्या देसाईंकडं होता. १८२४ मध्ये राणी चन्नम्मांची लढाई, कलेक्टर थॅकरे मारला गेला, पण शेवटी कित्तूर पडलं. त्यानंतर संगोळी रायण्णा. हा माणूस कित्तूरचा शेतसनदी, म्हणजे चाकरीबद्दल जमीन मिळालेला शिपाई, इंग्रजांनी ह्या सनदी जमिनी काढून घ्यायला सुरुवात केली तशी त्यानं लोकं गोळा केली. आमच्या बिडीची सरकारी कचेरी त्यानं जाळली. सगळी लढाई आपल्याच जंगलात, हंडीभडंगनाथाच्या डोंगरात लपायचे, दिवसा रान रात्री धाड. १८३० मध्ये फितुरीनं धरला, आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी. समाधी नंदगडला आहे, वडाचं झाड आहे, लोक मूल व्हावं म्हणून तिथं पाळणे बांधतात. मराठी, कन्नड, धनगर, मुसलमान सगळे जातात, तिथं भाषेचं भांडण मी तरी बघितलं नाही. आता १५ ऑगस्टला जन्म, २६ जानेवारीला फाशी म्हटलं की पोरांना तारखा पाठ करायला लावायची गरजच नाही.

आणखी एक, बेळगाव जिल्हा १८३६ मध्ये धारवाडमधनं वेगळा काढला, त्याआधी आपण धारवाडच्या कलेक्टरच्या हाताखाली होतो.

खानापुरी_कौल

इतिहास म्हटलं की सगळे राजे. मातीचं कोण बोलणार? खानापूरची माती म्हणजे कुंभाराची माती. कौलांचे कारखाने इतके होते की बेळगाव जिल्ह्यात कुठल्याही जुन्या घराचं मंगळुरी कौल उलटं करून बघा, मागं कारखान्याचं नाव आणि गाव उमटवलेलं असतं, खानापूर सापडायची शक्यता भरपूर. मुलांना घरी जाऊन बघायला सांगा, हा गृहपाठ ते आनंदानं करतील. खादी ग्रामोद्योगाची केंद्रीय कुंभारकाम संस्था खानापूरला आहे, देशभरातनं लोक तिथं चाक आणि भट्टी शिकायला यायचे. आता सिमेंटचे पत्रे आले, स्लॅब आले, भट्ट्या एकेक करून गार झाल्या, जळणाला लाकूड मिळत नाही हे पण कारण. पण तक्त्यावर कौलाचं चित्र पाहिजेच.

निवृत्त_कारकून

कारभाराचं मी सांगतो, जन्म कचेरीत गेला. लोक सगळ्यात जास्त गल्लत करतात ती महसूल आणि पंचायतीत. दोन वेगळ्या शिड्या आहेत.

महसुलाची: बेळगावला डीसी साहेब (म्हणजे जिल्हाधिकारी), त्यांच्या खाली प्रांत, मग खानापूरला तहसीलदार, होबळीला (म्हणजे काही गावांच्या गटाला) नाडकचेरी आणि आर.आय. (महसूल निरीक्षक), गावाला तलाठी (नाव कितीदा बदललं तरी लोक तलाठीच म्हणतात). जमीन, उतारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पूर आला तर पंचनामा, हे सगळं ह्या शिडीवर. पंचायतीची: जिल्हा पंचायतीला सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी), तालुका पंचायतीला ईओ (कार्यकारी अधिकारी), ग्रामपंचायतीला पीडीओ (पंचायत विकास अधिकारी). नळ, गटार, दिवाबत्ती, घरकुल, रोजगार हमी हे त्यांच्याकडं. तलाठ्याकडं गटाराची तक्रार घेऊन गेलात तर चहा मिळेल, गटार नाही. खानापूर गाव स्वतः पट्टण पंचायत आहे, त्याचा कारभार वेगळा. आणि जंगलाच्या गावाला तिसरी शिडी, फॉरेस्टची. कणकुंबी, लोंढा, नागरगाळी अशा रेंज आहेत, तिथं पूल बांधायला पंचायतीनं पैसे मंजूर केले तरी फॉरेस्टचा शेरा लागतो. आमगाव, गवाळी, तळेवाडी, कोंगळा असल्या गावांचं सगळं अडतंय ते इथंच. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की आजारी माणसाला डोलीत घालून रानातनं आणायचं. सरकार म्हणतंय पैसे घ्या आणि बाहेर या, काही तयार झालीत, काहींची देवराई आणि शेत तिथं आहे, ती म्हणतात रस्ता द्या. दोघांचंही चूक म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र मुलांना खरी सांगा. तालुका आणि जिल्हा पंचायतीची मुदत २०२१ मध्ये संपली आणि त्यानंतर निवडणुका रखडल्या त्या रखडल्याच, कारभार अधिकाऱ्यांच्या हातात. तक्त्यावर "तालुका पंचायत सदस्य" असा चौकोन काढून रिकामा ठेवायची वेळ आहे.

खासदाराचं: खानापूर विधानसभा मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नडला (म्हणजे कारवारकडच्या मतदारसंघाला) जोडलाय, बरोबर कित्तूरपण. म्हणजे डीसी बेळगावचे, आमदार खानापूरचा, खासदार भटकळ-कुमटा-कारवारबरोबरचा. २०२४ ला भाजपचे विश्वेश्वर हेगडे कागेरी निवडून आले, त्यांच्यासमोर आपल्याच माजी आमदार अंजली निंबाळकर होत्या. मतदारसंघ लोकसंख्येच्या हिशोबानं पाडतात, जिल्ह्याची हद्द बघूनच पाडतात असं नाही, एवढं सहावीला पुरे. हायकोर्टाचं काम धारवाड पीठाकडं, लाइट हेस्कॉमची, आणि बस वायव्य कर्नाटक परिवहनची, दोन्हीचं मुख्यालय हुबळी.

उताऱ्याचं थोडं. आपल्याकडं सातबारा नाही, आर.टी.सी. आहे, सरकारच्या "भूमी" संगणक प्रणालीवर कन्नडमध्ये निघतो. ९ नंबरच्या कॉलमात मालक, ११ मध्ये बोजा आणि इतर हक्क. ज्यांना कन्नड येत नाही त्यांनी निदान हे दोन कॉलम ओळखायला शिकावं. माझ्या नात्यातल्या एका म्हाताऱ्याला सोसायटीचं कर्ज फेडून किती तरी वर्षं झाली होती आणि ११ मध्ये बोजा तसाच, जमीन विकायला गेल्यावर कळलं.

सीमावासी

सगळं छान पण १९५६ कुणीच लिहिना. हे पण इतिहासच आहे ना?

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात. त्या दिवशी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, मात्र चंदगड तालुका तोवर बेळगाव जिल्ह्यातच होता तो काढून मुंबई राज्यातच (पुढच्या महाराष्ट्रात) ठेवला. जांबोटीच्या डोंगरापलीकडं चंदगड, अलीकडं खानापूर, भात तेच, बोली तीच. १९६६ ला ह्या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला, त्यात २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत म्हटलं आणि त्यात निपाणी, खानापूर, नंदगडची नावं होती. बेळगाव शहर मात्र कर्नाटकाला. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, कर्नाटकानं आहे तसा मान्य म्हटला, आणि गावं तिथंच. २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, केस अजून आहे. खानापुरातनं महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार किती वेळा निवडून गेलेत, शेवटचे २०१३ ला.

बिडीचा_बाब्या

झालं सुरू. टीचरनी पहिल्याच पोस्टीत सांगितलं होतं.

सीमावासी

भांडूलालोय कुठं मी, तारखाच सांगितल्या की. आणि टीचर, एक कामाची गोष्ट: तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असले तर सरकारी सूचना त्यांच्या भाषेत पण द्याव्यात असं ठरलेलं आहे, १९५० आणि ६०च्या दशकातल्या केंद्राच्या धोरणात. प्रत्यक्षात किती मिळतं ते निवृत्त_कारकून साहेबांनाच विचारा.

निवृत्त_कारकून

मला ह्यात ओढू नका ओ, पेन्शन चालू आहे.

शाळेचा_खडू

एवढं सगळं! तक्ता नाही, भिंतच लागणार. पाण्याची जाड रेघ आणि दोन बाण पहिल्यांदा काढते, मग त्याच्या दोन्ही बाजूला बाकीचं मांडते. कौल उलटं करून बघायचा गृहपाठ आजच दिला.

एक शंका. इथं देगाव म्हादईचं उगमस्थान म्हटलंय. पण आमच्या एका सरांनी सांगितलं की देगावला कदंबांचं कमलनारायणाचं देऊळ आहे, सहल तिकडं नेऊ. मग देऊळ आणि उगम एकाच ठिकाणी का? पोरांना एकाच दिवसात दोन्ही दाखवता येईल?

बिडीचा_बाब्या

नाही नाही, दोन देगाव आहेत, बसवाला पण फसतो. कमलनारायणाचं देगाव, जुनं नाव देगांवे, ते कित्तूरजवळ, पूर्वेला, सपाटीवर. पेर्माडीची राणी कमलादेवीनं बांधलेलं देऊळ, हलशीवाल्याच राजाची बायको. म्हादईचं देगाव भीमगडच्या जंगलात, पार दुसऱ्या टोकाला. सहल न्यायची तर नंदगड, हलशी आणि कित्तूरकडचं देगाव एका दिवसात होतं, रस्ते बरे आहेत.

कणकुंबी_कट्टा

आणि जंगलातल्या देगावला मुलांना नेऊ नका, अभयारण्य आहे, फॉरेस्टची परवानगी लागते आणि पावसाळ्यात जळवा. उगमच दाखवायचा तर कणकुंबीला मलप्रभेचा दाखवा, देवळाजवळच आहे, बस थेट येते. दिवाळीनंतर या, पाणी असतं आणि पाऊस नसतो. डबा बांधून आणा, हॉटेलं जांबोटीला संपतात.